सहा पूर्णांक शून्य

फायलीत एकच आकडा होता : सहा पूर्णांक शून्य.
एक गोळा सुटला की दुसरा भरायला सहा सेकंद.
पहिल्यालाही सहा, चाळिसाव्यालाही सहा.
रणगाड्याच्या आत कोण भरतो
त्याला नाव नव्हतं, पाठ नव्हती, तहान नव्हती.

मला पगार मिळतो असले आकडे खरे करायचा.
विडी घरकुलात, पत्र्याखाली, मे महिन्यात,
लॅपटॉप तापू नये म्हणून खाली शहाबादीचा तुकडा,
आणि कूलर कोरडा, कारण नळ येणार परवा.

शेवटी हत्तुरे काकांना बोलावलं.
दफेदार रेवणसिद्ध हत्तुरे, निवृत्त,
विजयंताच्या पोटात अकरा वर्षं लोडर.
ते बेल बोटानं दाबत नाहीत,
मूठ वळून दाबतात.
लहानपणापासून बघते, कधी विचारलं नव्हतं.
"बोट उघडं राहिलं की तोफेची पाचर घेऊन जाती.
गोळा ढकलायचा तो मुठीनं.
पेन्शन आली, पण हाताला अजून कळलं नाही बघ."

घरात गोळा कुठला? पाण्याचा जार होता, वीस लिटरचा.
"वजन हेच," म्हणाले, "पण ह्याला धरायला गळा हाय."
फरशीवरून उचल, वळ,
खिडकीच्या कट्ट्यावर ठेव,
मूठ, आणि खड्या आवाजात : "लोडेड!"
समोरच्या घरातली पोरं दारात गोळा झाली.
मी फोनवर सेकंद मोजत होते.
पाच. पाच. साडेपाच.
चौथ्याला सात.
पाचव्याला चष्मा घसरला, तो सावरला, नऊ.
सहाव्याचा आकडा मी लिहिला नाही.

सातव्याला ते जाराजवळ नुसते उभे राहिले.
"हाताशी होते तेवढे संपले.
बाकीचे खाली, ड्रायव्हरच्या अंगाला.
आता बुरूज फिरवा म्हणून ओरडायचं,
फिरला तर हात पोचतो."
"किती वेळ जातो त्यात?"
"गाडी उभी असली तर सांगतो.
पळत असली तर मला विचारू नको."

मी म्हटलं, माहितीपत्रकात मिनिटाला दहा लिहिलंय.
ते खाली बघून हसले,
जणू पायाशी अजून रिकामी पितळी नळकांडी
गरम गरम घरंगळतायत.
"लढाई बघितलीत काका?"
"नाही. वाळू बघितली. लाकडी निशाण बघितलं.
पण कमरेला ते कुठं ठाऊक?"

आई मांडीवर सूप घेऊन वळत होती, मान खाली.
हजार पुरे व्हायला दोनशे बाकी.
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा,
आणि मान खालीच ठेवून म्हणाली,
"एकच आकडा लिहिलीस होय गं?
सकाळची शंभरी आणि चार वाजताची शंभरी
एक असती का कधी?"
थोड्या वेळानं परत :
"आणि घाईत वळलेली छाटीत जाती.
ह्यांची छाट कोण काढत होतं?"
काका पाणी पीत होते. त्यांना ठसका लागला.

त्या रात्री मी सहा पूर्णांक शून्य खोडलं.
एक वाकडी रेघ लिहिली :
सुरुवातीला पाच, मग चढत चढत,
सातव्यानंतर एक लांब खड्डा,
पुढे धूर, वळण, उतार, नशीब.
रेघ आईच्या दुपारीसारखी दिसत होती,
निदान मला तरी.

बेंगळुरूहून उत्तर दोन दिवसांनी आलं, सभ्य होतं.
अभ्यास आवडला. पण खेळणारा वैतागतो.
सहा ठेवू.

ठेवले.
हप्ता आहे, आईची पाठ आहे, वाद घालायला मी कोण.
पण माझ्या लॅपटॉपवर जुनी फाईल आहे.
रात्री नळाची वाट बघत मी ती उघडते,
सहा गोळे झाडते,
आणि सातव्याला पडदा थांबतो.
मी बटणं बडवत नाही.
आतला माणूस वाकलाय, त्याला वाकू देते.
बादल्या रांगेत, आई झोपेत बोटं हलवतेय,
आणि माझा उजवा हात
कळायच्या आत मूठ वळून बसलेला.